‘काही करत नाही हो तो!’

मेहरूण तलावाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा. पन्नास पावलांवरून एक दांडगा कुत्रा पट्ट्यासकट (किंवा पट्ट्याशिवायच) आपल्या दिशेने झेपावत येतो आणि मागून मोबाईलवर बोलत येणारे त्याचे मालक हात वर करून ओरडतात, ‘काही करत नाही हो तो!’ मला हे वाक्य अत्यंत बेजबाबदार वाटतं. आज त्याच्यावरच लिहायचं आहे. जरा तिखट होईल, पण खानदेशातल्या माणसाला तिखटाचं काय कौतुक!

अहो, तुमचा कुत्रा काही करत नाही हे तुम्ही मला कशाच्या जोरावर सांगता? आजवर केलं नाही, एवढंच तुम्हाला ठाऊक. बरं, समजा खरंच तो काही करत नाही. पण माझी करते, त्याचं काय?

माझी म्हणजे चिंगी. गावठी कुत्री, तांबूस रंगाची, एक कान कायम पडलेला. २०२० च्या जूनमध्ये नातवाने दीड महिन्याचं पिल्लू घरी आणलं. कुत्र्याच्या पिल्लाचं जग ओळखण्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत, फार तर थोडं पुढे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे तपासलं आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. या दिवसांत पिल्लाने जे पाहिलं ते त्याच्या लेखी आपलं, जे पाहिलं नाही त्याचा पुढे धसका. चिंगीचे नेमके ते दिवस कोरोनात गेले. घरातली पाच माणसं, अंगणातली तुळस आणि टीव्ही, एवढंच तिचं विश्व. माणसांना ती पुढे सरावली, पण अनोळखी कुत्रा दिसला की आजही तिचे मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहतात, अंग ताठ होतं, आणि मग भुंकण्याचा आणि उसळ्यांचा जो कल्लोळ होतो तो पाहून लोक कौतुकाने म्हणतात, ‘सर, कडक आहे हो तुमची!’

कडक कसली! ती घाबरलेली आहे. मोकळी असती तर लांबून वळसा घालून गेली असती. दोन अनोळखी कुत्री नीट भेटतात तेव्हा कधी बघा, ती सरळ रेषेत तोंडासमोर येत नाहीत. कमानीसारखी वळून, बाजूने, हुंगत येतात. गळ्यात पट्टा अडकला की हा वळसाही बंद आणि पळून जाणंही बंद. उरलं काय, तर ओरडून समोरच्याला लांब ठेवणं. आणि समोरून ‘काही न करणारा’ सरळ तोंडावर चाल करून येत असतो!

इंग्रजीत अशा कुत्र्याला रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात. मी आपला ‘बिथरणारा’ म्हणतो. आपल्याकडे बैल बिथरतो हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं. पोळ्याच्या दिवशी वाजंत्रीने बैल बिथरला तर जाणता माणूस आधी वाजवणाऱ्यांना थांबवतो, मग बैलाला गोडीगुलाबीने बाजूला घेतो. बिथरलेल्या बैलाला मिरवणुकीच्या मध्यभागी ओढून नेऊन ‘सवय होईल त्याला’ असं म्हणणाऱ्याला गाव वेड्यात काढेल. मग कुत्र्याच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते?

कारण कुत्रा आपल्याला शान म्हणून हवा असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जाणाऱ्या जळगावात बर्फातली हस्की पाळणारे लोक आहेत. स्कूटरला साखळी बांधून कुत्रा पळवणारे आहेत. (डांबरावर पाच-सात सेकंद उलटा हात टेकवून पाहा म्हणावं. आपला हात टेकवत नाही तिथे त्याचे पाय टेकवायचे नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्ता रात्री जेवणं होईपर्यंत तापलेलाच असतो, त्यामुळे पहाटेशिवाय गत्यंतर नाही.) शान म्हटली की कुत्रा भुंकला तर मिशीला पीळ आणि आपल्याच माणसावर भुंकला तर काठी. मधलं काही नाहीच.

या काठीवर माझा खरा राग आहे. कुत्रा दुसऱ्या कुत्र्यावर भुंकला की पट्ट्याला हिसका द्यायचा, पेकाटात लाथ घालायची, म्हणजे म्हणे तो शिकतो. काय शिकतो? समोर कुत्रा दिसला की गळा आवळतो आणि मार बसतो, हे शिकतो! म्हणजे आधी नुसती भीती होती, आता भीतीला पुरावाही मिळाला. हिमालयातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात टोकदार लोखंडी पट्टा असतो, बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. त्याची टोकं बाहेर असतात. आपल्या शहरांत जे काट्यांचे पट्टे विकत मिळतात त्यांची टोकं आत असतात, कुत्र्याच्याच मानेवर. दोन्ही पट्टे मनासमोर शेजारी ठेवले की मला आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

यावर हमखास ऐकायला मिळतं की कुत्र्याला ‘मालक कोण’ ते दाखवावं लागतं, लांडग्यांच्या कळपात असाच एक म्होरक्या असतो. हे खूळ कुठून आलं तेही सांगतो. शेंकेल नावाच्या संशोधकाने १९४७ साली प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लेख लिहिला. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना घरोघरी नेली. पुढे याच मेक यांनी रानातल्या मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरक्या कसला, बाप तो! मूळ लेखकाने आपलं म्हणणं दुरुस्त केलं, आमचे गल्लीतले तज्ज्ञ मात्र अजून १९७० लाच बसलेत.

आयुष्यभर शाळेत गेलेल्या माणसाला हे फार ओळखीचं वाटतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २००९ साली मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी केली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झालीच होती. फळ्याशी उभं केल्यावर थरथरणाऱ्या पोराला मारून पाढे येत नाहीत, त्याला आधी मागच्या बाकावर बसू द्यावं लागतं. आमच्याकडे म्हणीही सगळ्या सोयीच्या. ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ म्हटलं की शिकवण्याची जबाबदारी संपली, आणि ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ म्हटलं की सांभाळण्याचीही! दुसरी म्हण तर धोकादायक आहे. भुंकणं ही सूचना असते. सूचना ऐकली नाही, किंवा मारून मारून ती द्यायचीच बंद केली, तर पुढचा टप्पा दातांचा.

मग मी काय करतो? अंतर ठेवतो. चिंगीला तीस पावलांवरचा कुत्रा सोसतो, पंधरावरचा सोसत नाही. तेव्हा तिसाव्या पावलावर, ती नुसतं बघत असताना, बिथरण्याच्या आधी, मी तिच्यापुढे उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा धरतो. कुत्रा दिसला की तुकडा. दिसेनासा झाला की तुकडे बंद. पाव्हलॉव्हचा कुत्रा सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो, पण दारातल्या कुत्र्याला तो लागू करावा हे कुणाला सुचत नाही! आधी भीती, मग तोंडाला पाणी, असं महिनोन्महिने केल्यावर आता कुत्रा दिसला की ती माझ्या खिशाकडे बघते. रोज नाही. दिवाळीच्या फटाक्यांत आणि गणपतीच्या डीजेत सगळं पुन्हा मागे जातं, मग पुन्हा चाळीस पावलांपासून सुरुवात. (मालक शाकाहारी असतील तर पनीर चालतं. मात्र कौतुकाने आपलं भरीत कुणी घालू नका, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.)

पट्टा गळ्याला नाही, छातीला. दोरी साधी, पाच-सहा फुटांची. बटण दाबल्यावर सुतासारखी लांबत जाणारी ती नवी दोरी गर्दीच्या शहरात विकूच नये या मताचा मी आहे. तोंडाला जाळीचं मुस्कं, ज्यातून ती धापू शकते, पाणी पिऊ शकते, तुकडा खाऊ शकते. बैलाला मुस्कं बांधलं तर कुणी हळहळत नाही, चिंगीला बघून मात्र ‘बिचारी’ म्हणतात. तेही तिला आधी घरात, तुकडे ठेवून ठेवून, आठ-पंधरा दिवसांत आपणहून तोंड घालायला शिकवलं आहे. आणि समोरून कुणी आलं की मी वळतो. सरळ पाठ फिरवून चालू लागतो. पंचाहत्तरीच्या माणसाने कुत्र्याला बघून पाठ फिरवली की पोरं हसतात. हसू देत.

रस्त्यांचाही यात मोठा वाटा आहे. धुळ्याला लेकीचं सासर जुन्या गावातल्या नंबरांच्या गल्ल्यांत. त्या गल्ल्या सरळ आणि एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंतचं दिसतं, समोर कुत्रा दिसला तर पुढच्या फाट्याला वळता येतं. तिथे चिंगी शहाण्यासारखी चालते. जुन्या जळगावात मात्र बोळ अरुंद, वळणं आंधळी. वळलं की समोर कुत्रा दोन हातांवर! मी तिकडे तिला नेतच नाही, मोकळ्या कॉलन्यांतले रुंद रस्ते बरे.

आता तुम्ही म्हणाल, सर, मोकाट कुत्र्यांबद्दल बोला ना! बोलतो. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं : नसबंदी आणि लस झालेली कुत्री, रेबीजची आणि आक्रमक सोडून, होती तिथेच परत सोडायची आणि खायला घालायची जागा ठरवून द्यायची. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हटवायचा आदेश झाला. तेव्हापासून चहाच्या टपरीवर प्रत्येक जण कुत्रेतज्ज्ञ! नसबंदीचे नियम २००१ पासून आहेत, २०२३ मध्ये नवे आले, ते राबवा म्हणून नगरसेवकाच्या मागे लागायला मात्र कुणाला सवड नाही. पण माझा अनुभव विचाराल तर गल्लीतलं भटकं कुत्रं बहुतेक वेळा आपल्या हद्दीपुरतं भुंकतं आणि थांबतं. ते जवळ आलंच तर मी पळत नाही, मूठभर तुकडे त्याच्या बाजूला फेकतो, ते हुंगण्यात गुंतलं की आम्ही निघतो. फार अंगावर आलं तर छत्री उघडतो. त्याला मालक नाही, त्याच्याकडून मी काय अपेक्षा ठेवणार? ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याच्या दुसऱ्या टोकाला बीए, बीकॉम, इंजिनिअर झालेला माणूस असतो.

त्या माणसासाठी कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये एवढी काळजी जाणूनबुजून वा हलगर्जीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच २८९ होतं, दंड हजारापर्यंत. कुत्रा एरवी किती गुणी होता हे त्यात विचारलेलं नाही, तुम्ही काय काळजी घेतलीत ते विचारलं आहे. चिंगीच्या बाबतीत ते मला लागू आहे, म्हणून तर मुस्कं.

आणि चावा झालाच, मग तो कुणाच्याही कुत्र्याचा असो, तर जखमेवर मिरची, चुना भरत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आमच्या पिढीच्या डोक्यात अजून आहे, ती इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडावर देतात. रेबीज एकदा उमटला की जवळजवळ कुणीच वाचत नाही. पाळलेल्या कुत्र्यालाही दर वर्षी लस लागते. ‘काही करत नाही’ म्हणणाऱ्या एका गृहस्थांना मी परवा लसीची तारीख विचारली. म्हणाले, ‘घरातच असतो हो सर तो, त्याला कशाला?’ त्या वेळी तो माझ्यापासून चार हातांवर होता, आणि चिंगी माझ्या पायामागे.