घर जपले, सावलीचे काय?

मुंबई–बडोदे द्रुतगती मार्गाची वाट मासवणच्या परिसरातून जाते. रस्त्यापायी जुनी झाडे जात असताना सेवाग्रामचा अनुभव आपण आठवला पाहिजे. तेथील आदिनिवास १९३६ साली माती-बांबूने उभा राहिला. खर्च ५०० रुपयांवर जाऊ नये, ही गांधीजींची अट होती. त्याच वर्षी त्यांनी पिंपळ लावला. घर आणि झाड मिळूनच ते स्मारक होय. तरीही २०२० साली वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुने वृक्ष तोडण्यात आले. नागरिकांनी विरोध केला, तेव्हा कुऱ्हाड थांबली. कुटी जपायची आणि तिच्या वाटेवरची सावली तोडायची, हा कसला गौरव? ग्रामसभेच्या संमतीवाचून एकही जुना वृक्ष तोडू नये, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरावी.