रिकाम्या खुर्च्यांची बचत: बीडच्या जिल्हा परिषद शाळा आणि निवृत्तिवेतनाचा भार

सरकारी शाळांच्या वाढत्या खर्चाचा विषय निघाला की बोट निवृत्तिवेतनाकडे दाखवले जाते, आणि काटकसर मात्र मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांची पदे रिकामी राहू देऊन होते. बीड जिल्ह्यात हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

1961 च्या जिल्हा परिषद अधिनियमाने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याच्या हाताखाली विस्तार अधिकारी, काही शाळांच्या समूहावर केंद्रप्रमुख आणि शाळेत मुख्याध्यापक अशी उतरंड आहे. पद रिक्त झाले की त्याचा 'अतिरिक्त कार्यभार' शेजारच्या अधिकाऱ्याकडे किंवा शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षकाकडे सोपवला जातो, आणि ही तात्पुरती सोय अनेकदा वर्षानुवर्षे चालते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, त्यामुळे वाडी-तांड्यावरच्या बहुतेक शाळा मुळातच या पदाला मुकतात. त्यातच 2017 साली निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जिल्हा परिषद प्रशासकाकडे गेली. तेव्हापासून या पदांविषयी सभागृहात जाब विचारणारे कोणी उरले नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांना तेथील शाळा-जिल्ह्यांचे अंदाजपत्रक परिचित असेल. तेथे शिक्षकांचा आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा हिस्सा यांचा भार स्थानिक जमाखर्चात दिसतो, म्हणून अधिकाऱ्यांच्या पदांची फेररचना आणि कर्मचाऱ्यांचे लाभ यांचा विचार एकाच बैठकीत होऊ शकतो. बीडमध्ये वेतन आणि निवृत्तिवेतन राज्याच्या तिजोरीतून येते. आरोग्य विम्याऐवजी आधी खिशातून खर्च करून मागाहून मिळवायची वैद्यकीय प्रतिपूर्ती आहे. पैशाचा निर्णय मुंबईत आणि रिकाम्या पदाचा परिणाम गेवराईच्या किंवा शिरूर कासारच्या वर्गात, अशी ही फारकत आहे.

निवृत्तिवेतनाचा भार खरा आहे, हे मान्यच करावे लागेल. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सेवेत आलेल्यांना जुनी योजना, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तीवर महागाई भत्ता, लागू आहे. त्यानंतरच्यांसाठी अंशदायी योजना आली आणि तीत शासनाचा वाटा पुढे 14 टक्के झाला. त्यामुळे सध्या शासन जुन्यांचे निवृत्तिवेतन आणि नव्यांचे अंशदान असे दुहेरी ओझे वाहत आहे. जुनी योजना पुन्हा लागू करावी या मागणीसाठी झालेल्या मार्च 2023 च्या संपात जिल्हा परिषद शिक्षक मोठ्या संख्येने उतरले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना राज्याने स्वीकारली. परंतु हे देणे पूर्वी केलेल्या सेवेचे आहे, आज एखादे पद रिकामे ठेवल्याने त्यातला एक रुपयाही कमी होत नाही.

पदोन्नतीचा खर्च तरी किती? राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या शिफारशींवरून आलेली, आणि शिक्षकांच्या बोलण्यात आयोगाच्या अध्यक्षांच्या नावाने 'चटोपाध्याय' म्हणून ओळखली जाणारी वरिष्ठ वेतनश्रेणी बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळते. मुख्याध्यापकपदाच्या उंबरठ्यावरचा शिक्षक बहुधा ती घेतच असतो, म्हणून पदोन्नतीने त्याच्या पगारात फार थोडी भर पडते. खरा खर्च त्याच्या जागी नवा शिक्षक नेमण्याचा आहे, आणि तो टाळणे म्हणजे मुलांच्या वाट्याचा शिक्षक काढून घेणे.

बीडमध्ये याची किंमत अधिक आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. मुलांना गावातच ठेवण्यासाठीची हंगामी वसतिगृहे शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात, आणि तिचा सचिव मुख्याध्यापकच असतो. कोणते मूल मागे राहणार याची यादी, पालकांची समजूत, भोजनाचा हिशेब, निघून गेलेल्यांना शिक्षण हमी पत्रक देणे, ही कामे वर्ग सांभाळून करणारा प्रभारी शिक्षक एकतर वर्गाला मुकतो किंवा वसतिगृहाला. मुलांच्या कोयत्याकडे जाण्या-न जाण्याचा प्रश्न जेथे आहे, तेथे हे पद चैन मानता येणार नाही.

ही पदे अचानक रिकामी होतात असेही नाही. जिल्हा परिषद शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. शाळेत नाव घालताना 1 जून ही जन्मतारीख लावण्याच्या जुन्या रिवाजामुळे कितीतरी जण 31 मे रोजी, शाळा उघडण्याच्या तोंडावर, एकदम बाहेर पडतात. तारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असताना पदोन्नतीची सेवाज्येष्ठता यादी जानेवारीतच अंतिम का होऊ नये? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये पदोन्नतीसाठीही शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरवल्यामुळे तर ही तयारी आणखी आधी सुरू व्हायला हवी. स्थलांतराच्या गावांसाठी दीडशेचा निकष शिथिल करून राज्याने तेथे मुख्याध्यापक द्यावा. आणि गावच्या शाळेला संगणक किंवा रंगरंगोटीसाठी देणगी पाठवणाऱ्या परदेशस्थ मंडळींनी, पैसे पाठवण्याआधी, तेथे पूर्णवेळ मुख्याध्यापक आहे का आणि नसल्यास पद कधीपासून रिक्त आहे, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लेखी विचारावा.