गवत कुणाच्या बापाचं?



बंदरातून सुट्टीला पुण्यात आलो, की ताडीवाला रोडच्या आमच्या खोलीत आधी झोपतो आणि उठल्यावर आईला विचारतो, मटण कशाचं आणू? आई म्हणते, मिळंल ते आण. पूर्वी ती असं म्हणत नव्हती. पूर्वी म्हणायची, मोठ्याचं आण, आणि हाडकं जास्त घे.

परवा असाच पिशवी घेऊन निघालो आणि पाय कोरेगाव पार्कात गेले. एका काचेच्या दुकानात तुपाची बरणी. वर लिहिलेलं, 'ग्रास-फेड'. गवतावर वाढलेल्या देशी गाईचं तूप, किलोला दोन हजारांच्या पुढं. मला हसायला आलं. च्यायला, गाय गवत खाणार नाही तर काय खारी खाणार? दुकानातला पोरगा म्हणाला, सर, फॉरेनला लोक बीफसुद्धा ग्रास-फेड बघूनच घेतात, हेल्दी असतं. घरी येऊन वाचत बसलो. मॅट्रिक झालोय, तेवढं येतं. वाचल्यावर हसू गेलं.

अमेरिकेतलं बहुतेक बीफ ज्या जनावराचं असतं, ते सुरुवातीला कुरणात चरतं. पण शेवटचे चार-सहा महिने त्याला हजारोंच्या कोंडवाड्यात, शेणामुताच्या चिखलात उभं करून मका चारतात. झटपट वजन, झटपट पैसा. गुराचं पोट चार कप्प्यांचं, गवत रवंथ करायला घडलेलं. मक्याच्या माऱ्यानं पोटात आम्ल माजतं, काळजात गळवं होतात, मग वरून औषधं. हे बघून तिथला पैसेवाला माणूस गवतावरच्या जनावराचं मांस जास्त दाम मोजून घेतो. त्याचं चूक नाही. त्या मांसात एकूण चरबी कमी असते, ओमेगा-३ जास्त, ई जीवनसत्त्व आणि कॅरोटीनही जास्त. चरबी पिवळसर दिसते ती त्या कॅरोटीननंच. (नुसतं ओमेगा-३ पाहिजे असेल तर बांगडा खा, तो केव्हाही पुढं. दुकानदार हे सांगणार नाही.) लोह, जस्त, बी-१२ तर कुठल्याही बीफमध्ये असतंच.

आता माझ्या आज्याचा बैल घ्या. पुरंदर तालुक्यात दोन एकर कोरडवाहू आणि एक खिल्लार. जोडीचा दुसरा सावडीनं मिळायचा. तो बैल बांधावर चरला, गायरानात चरला, उन्हाळ्यात कडबा खाल्ला. आयुष्यभर चालला. इंजेक्शन नाही, मका नाही, कोंडवाडा नाही. म्हातारा झाला तेव्हा आज्यानं बाजारात विकला, त्यात भर घालून गोऱ्हा आणला. अशाच बैलांचं मटण आमच्या वस्तीत यायचं. वातड असायचं, तासन् तास शिजायचं, उरलेल्याच्या चान्या दोरीवर वाळायच्या. आजी चरबीचा तुकडा उजेडात धरून म्हणायची, पिवळी हाय, रानातलं जनावर हाय. तिनं कॅरोटीन हा शब्द ऐकला नव्हता. पुणे विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्रानं २००९ मध्ये दलितांच्या खाण्याच्या आठवणींचं पुस्तक काढलं तेव्हा, किंवा शाहू पाटोळेंचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं तेव्हा, पहिल्यांदा कुणीतरी आमची चूल कागदावर आणली. एरवी पाककृतीच्या पुस्तकात आमचं पातेलं नाहीच.

म्हणजे जगातला शहाणा माणूस जे लेबल लावून विकत घेतोय, ते आम्ही गरिबीपोटी खात होतो. आणि नेमकं तेच बंद केलं.

१९७६ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गाय बंद होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंद. कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद, मांस जवळ सापडलं तर एक वर्ष. २०१६ साली मुंबई हायकोर्टानं बंदी उचलून धरली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस घरात ठेवणं हा गुन्हा नाही म्हणाले. वा! गोव्याला गाडीनं जाऊन येणाऱ्याचा फ्रीज वाचला. आमच्याकडं ना गाडी, ना गोवा.

बैलाच्या जागी ताटात काय आलं? ब्रॉयलर. चाळीस दिवसांचं पिल्लू, शेडच्या दाटीत वाढलेलं. एका बैलाइतकं मांस पाहिजे तर अशी शंभरभर तरी कापायची. प्राणिदयेचा हा हिशेब मला अजून कुणी समजावलेला नाही. म्हैस चालते कायद्याला. पण शहरातल्या तबेल्यातली म्हैस बघा, दावणीला उभी ती उभीच. तिच्या रेडकाला दूधही मिळत नाही. देशी म्हटलं की सगळं गोजिरं, असं समजू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ सांगते, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी. पाच वर्षांखालची पोरं, शंभरात जवळजवळ ६९. मांसातलं लोह अंगाला लागतं तितकं पालेभाजीतलं लागत नाही. आईला दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट देतात. गोळ्यांनी तिचं पोट बिघडतं. हाडकाच्या रश्श्यानं कधी बिघडलं नव्हतं. हां, तांबडं मांस जास्त खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं २०१५ मध्येच सांगितलं, आणि गवतावरचं आहे म्हणून तो धोका जात नाही. पण महिन्यातून चारदा खाणाऱ्याला हे सांगताना रोज खाणाऱ्याचा आवाज काढू नका.

आणि बैलाचं काय झालं? म्हातारा बैल कुणी घेईना. पोसायला शेतकऱ्याकडं चारा नाही, म्हणून दावं सोडून दिलं. हायवेवर उभा, उकिरड्यावर प्लॅस्टिक खातोय. चोरून गेलाच तर रात्री बंद टेम्पोत पाय मुडपून, पाण्याविना. कोंढव्यात महापालिकेचा कत्तलखाना आहे. उघड्या कायद्यात बैल तिथं चालत गेला असता, डॉक्टरनं तपासला असता. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गाय-बैल सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९ ला सुमारे १ कोटी ४० लाख. ट्रॅक्टर आला हे खरं, पण गाय वाचवायच्या कायद्यानं गोवंश वाढला नाही हेही खरं. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाय 'राज्यमाता' झाली, गोशाळेतल्या गाईला दिवसाला ५० रुपये. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजानं गोरक्षकांच्या मारझोडीला कंटाळून जनावरं घेणंच बंद केलं, तेव्हा बाजारात आधी शेतकरीच रडला.

इकडं मी बंदरात काय बघतो? उणे १८ डिग्रीचे पांढरे कंटेनर, आत बिनहाडाचं म्हशीचं मांस. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे १३ लाख टन गेलं, ३१ हजार कोटींचं. त्या पैशाला विटाळ नाही.

आपल्यातले काही म्हणतात, बाबासाहेबांनी सोडायला लावलं ते पुन्हा कशाला? नीट वाचा. १९२७ ला महाडला त्यांनी मेलेलं ढोर खाऊ नका म्हटलं. फेकलेलं खाऊ नका, हा त्याचा अर्थ. १९५६ च्या प्रतिज्ञांत मांसबंदी नाही, प्राणिमात्रांवर दया आहे. म्हणून मी बैलाच्या जगण्याबद्दल बोलतो, आणि ते बोलायला गोरक्षकाची परवानगी मागत नाही. बीफचं नुसतं घोषवाक्य करणाऱ्या आपल्या पोरांवरही माझा राग आहे. तो बैल कुठं चरला, हे कुणी विचारत नाही.

कारण चरायला गायरान पाहिजे. ते खडी फोडणाऱ्याला गेलं, प्लॉटवाल्याला गेलं. तेव्हा कुणाला गाय आठवली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमी सत्याग्रहानंतर आपल्या माणसानं गायरानात एक एकर कसलं, की लगेच गोमाता उपाशी! १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं कायम करायचा सरकारचा निर्णय १९९१ चा आहे. कित्येकांच्या हातात सातबारा अजून नाही. पहिला सातबारा द्या, उरलेल्या गायरानातनं खाणवाला आणि प्लॉटवाला हाकला, तिथं गवत वाढू द्या. आपल्या एक एकरवाल्याचा बैलही तिथंच चरेल, आणि म्हातारा झाल्यावर उघड्या बाजारात विकला जाईल.

त्या दिवशी शेवटी कॅम्पात शिवाजी मार्केटला जाऊन म्हशीचं अर्धा किलो आणलं. आईनं चरबीचा तुकडा खिडकीशी धरला.

"पांढरी हाय."

म्हटलं, आई, म्हशीची पांढरीच असते, कितीबी गवत खाऊ दे.

"ते मला शिकवू नको. कांदा चिर."