शिक्षकाचे हात बांधून जीवनकौशल्ये?

जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दहा जीवनकौशल्ये मांडली. चिकित्सक विचार, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, ताणाशी सामना आदींचा तीत समावेश होता. या कौशल्यांची गरज कष्टकऱ्यांच्या मुलांइतकी अन्य कोणालाही नाही. वाद आहे तो ती शिकविणार कोण आणि कोणत्या परिस्थितीत, याविषयी.

केंद्र सरकारने २०१९ साली सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी 'निष्ठा' प्रशिक्षणाचा डंका पिटला. पुढच्याच वर्षी ते संगणकाच्या पडद्यावर गेले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकास दरवर्षी ५० तास नेमून दिले. आकडे भारदस्त खरेच! परंतु चित्रफीत पाहून आणि प्रमाणपत्र उतरवून घेऊन चिकित्सक विचार अंगी येत नसतो. वर्गात प्रयोग करावा, तो फसावा, सहकाऱ्यांशी त्यावर वाद घालावा आणि पुन्हा करून पाहावा, या वाटेनेच शिक्षक घडतो.

सहकारी आहेत कोठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक पुरेसे ठरतात. त्याच कायद्याचे कलम २७ शिक्षकांस अशैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई करते आणि त्याच दमात जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांना वाट मोकळी ठेवते. दोघांपैकी एक त्या कामावर गेला की पाचही इयत्ता एकट्याच्या गळ्यात. एका इयत्तेची गटचर्चा घ्यावयाची तर उरलेल्या चार गप्प बसवावयाच्या; हे कोणते कौशल्य?

महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे, दरमहा ३,००० रुपये, वेतन नव्हे तर मानधन! २०२३ साली ते १६,००० झाले. टांगती तलवार तशीच राहिली. ज्याला स्वतः 'का?' विचारण्याची चोरी, त्याने मुलांना निर्भयपणे प्रश्न विचारावयास शिकवावे, अशी ही अपेक्षा.

खरा शिक्षक साधनांवाचूनही शिकवितो, असे काही सज्जन सांगतात. असे शिक्षक आहेत, आणि त्यांच्या त्यागावरच सरकार आपली काटकसर भागविते. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचविला होता. २०२० चे धोरण तोच आकडा पुन्हा वचन म्हणून देते. (आणि उपाशी मुलास 'ताणाचे व्यवस्थापन' शिकविणाऱ्या पुस्तिका मात्र वेळेवर छापल्या जातात.)

म्हणून मागणी प्रशिक्षणाच्या तासांची नव्हे. प्रत्येक इयत्तेस शिक्षक हवा, पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन हवे, आणि कामाच्या वेळेतच आठवड्यातून एकदा परिसरातील शिक्षकांची बैठक हवी. तिचा विषय शिक्षकांनी ठरवावा. परिपत्रकांचे वाचन तीत नसावे.