हप्ता तोच, मुदत मात्र दुप्पट

गृहकर्ज घेतलेल्या नोकरदारास कर्ज किती उरले असे विचारले, तर तो बहुधा हप्त्याचा आकडा सांगतो. पगाराच्या दिवशी खात्यातून किती रक्कम जाते हे त्याला तोंडपाठ असते; किती हप्ते शिल्लक आहेत हे मात्र तो सहसा सांगू शकत नाही. हा निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. महिन्याचा मेळ घालणाऱ्या कुटुंबाला महिन्याचाच हिशेब दिसतो. गेल्या काही वर्षांत मात्र याच सवयीची किंमत मध्यमवर्गीय कुटुंबांना नकळत मोजावी लागली आहे.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. महागाई रोखण्यासाठी एवढी वाढ आवश्यक होती काय, हा वाद येथे बाजूस ठेवू. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे बहुतांशी रेपो दराशीच, बांधलेली आहेत. त्यामुळे अडीच टक्क्यांची ही वाढ सरळ कर्जदारांच्या माथी आली. तरीही असंख्य घरांत हप्ता होता तेवढाच राहिला. वाढले ते हप्त्यांच्या संख्येत.

याचा अर्थ काय होतो, हे एका उदाहरणाने पाहावे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी एका कारकुनाने २५ लाखांचे कर्ज पावणेसात टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, असे धरू. हप्ता सुमारे १९,००० रुपये बसतो आणि कर्ज निवृत्तीबरोबर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, फिटते. दोन वर्षांनी मुद्दल सुमारे २३ लाख ७३ हजार उरलेले असताना दर सव्वानऊ टक्के झाला. आता केवळ महिन्याचे व्याजच १८,३०० रुपयांच्या घरात जाते. हप्ता तोच ठेवला, तर मुद्दलातून जेमतेम सातशे रुपये कमी होतात, आणि उरलेल्या १८ वर्षांच्या जागी साडेपस्तीस वर्षे लागतात. कारकुनाचे वय तोवर पंचाहत्तर होईल. २५ लाखांपोटी तो एकूण ८५ लाखांहून अधिक रक्कम भरील. हेच कर्ज ठरल्या वेळी फेडायचे, तर हप्ता सुमारे ३,६०० रुपयांनी वाढवावा लागला असता. ते न झेपले आणि केवळ एक हजार रुपये वाढवले, तरी जवळजवळ नऊ वर्षे वाचली असती. ही निवड त्याच्यापुढे ठेवली जाणे हा त्याचा हक्क होता.

(दामदुपटीचा जुना नियम येथे आठवतो. मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करता येऊ नये, असा तो दंडक. हप्त्याच्या कर्जात व्याज महिन्याच्या महिन्याला चुकते होत असल्याने ते साचत नाही, आणि म्हणून तिप्पट रक्कम भरूनही त्या नियमाचा भंग होत नाही!)

बँकांना सावकार ठरवून मात्र हा प्रश्न सुटत नाही. हप्ता एकाएकी वाढला असता, तर अनेक घरांचा महिना कोलमडला असता. कर्जदारालाही हप्ता न वाढणे सोयीचेच वाटले. परंतु सोय आणि संमती या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९३१ साली व्हिटले आयोगाने औद्योगिक कामगारांच्या कर्जाविषयी जे नमूद केले, ते या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोनतृतीयांश कुटुंबे कर्जात होती आणि रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, हा व्याजाचा रूढ दर होता. दर भयंकर होताच. पण त्याहून भयंकर हे, की कामगार व्याज भरत राही आणि मुद्दल जागचे हलत नसे. त्या कर्जाला अखेरची तारीखच नव्हती. बँकेच्या कर्जाने नोकरदाराला स्वस्त दर दिला, आणि त्याबरोबर कर्ज संपण्याची तारीखही दिली. ती तारीख गुपचूप पुढे सरकू लागली, तर निम्मा लाभ हातचा जातो. खाजगी आस्थापनेतील ज्या नोकरास निवृत्तिवेतनाची शाश्वती नाही, त्याला तर याची झळ अधिकच बसणार.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने याची दखल घेतली. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी, की दोन्ही थोडे थोडे करावे, हे ठरविण्याचा पर्याय कर्जदारास द्यावा आणि हप्ता व्याजालाही न पुरण्याची वेळ येऊ देऊ नये, असे बँकांना व गृहवित्त कंपन्यांना बजावले. भरलेले मुद्दल व व्याज, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखविणारे विवरण दर तिमाहीस उपलब्ध करून देणेही बंधनकारक झाले. नियम योग्य आहे. पण भ्रमणध्वनीवर आलेल्या इंग्रजी संदेशाला निवड म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

मुदत लांबण्याचा दुसरा परिणाम कमी दिसतो. घराचा हप्ता वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, की मुलांचे प्रवेशशुल्क, घरातले आजारपण, बहिणीचे लग्न यांसाठी दुसरे कर्ज काढावे लागते. प्रथम पगारदारांची पतसंस्था, मग वैयक्तिक कर्ज, शेवटी क्रेडिट कार्ड. प्रत्येक पायरीवर दर चढत जातो. पतसंस्थेच्या कर्जाला दोन सहकारी जामीन असतात, त्यामुळे एकाची अडचण शिक्षकांच्या खोलीतील तिघांची होते. अंशतः अनुदानित शाळेतील शिक्षकाला, ज्याच्या हाती पूर्ण वेतनच पडत नाही, हे चांगलेच ठाऊक आहे. अशा वेळी हाती आलेली थकबाकी किंवा बोनस प्रथम सर्वांत महागड्या कर्जाकडे वळवावा. घराच्या कर्जाची पाळी त्यानंतर.

फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर एक टक्क्याने उतरला. हप्ता कमी करून घेण्याचा मोह तेव्हा अनेकांना झाला. ज्यांची मुदत आधीच लांबली आहे त्यांनी हप्ता तसाच ठेवणे हिताचे, कारण उतरलेल्या दराचा सारा लाभ मग मुद्दलाकडे जातो. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीपूर्वी परतफेड केल्यास दंड आकारण्यास बँकांना २०१२ पासूनच मनाई आहे. व्याजावर प्राप्तिकराची सवलत मिळते म्हणून कर्ज ठेवावे, हा कचेऱ्यांतून ऐकू येणारा युक्तिवादही नव्या करप्रणालीत टिकत नाही. स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट तिच्यात नाही.

कर्मचारी संघटना महागाई भत्त्याच्या प्रत्येक टक्क्यासाठी झगडतात, आणि ते रास्तच आहे. पण त्याच सभासदांच्या कर्जाचे तिमाही विवरण मराठीत मिळावे आणि मुदतवाढीपूर्वी त्यांची लेखी संमती घेतली जावी, ही मागणी अद्याप त्यांच्या निवेदनांत क्वचितच आढळते.