आडनावाची साक्ष किती ग्राह्य?

मोताळा तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेचे हजेरीपत्रक डोळ्यांपुढे आणावे. पाटील, इंगळे, तायडे, वानखेडे, जाधव, पवार, चव्हाण, राठोड अशी आडनावे त्यात एकाखाली एक मांडलेली असतात. या यादीवरून प्रत्येक मुलाची जात सांगा, असे त्या वर्गाच्या शिक्षकास कोणी फर्माविले, तर तो पहिल्याच नावापाशी अडखळेल. पाटील म्हणजे कुणबी, मराठा, लेवा पाटीदार, रजपूत, माळी की कोळी? राठोडपाशी तो कदाचित ठामपणे बंजारा म्हणेल. परंतु राठोड रजपुतांतही आहेत. दहा वर्षे ज्या मुलांच्या घरी तो जात-येत आहे, त्यांच्याविषयी त्याला खात्री असेल. पण ती खात्री ओळखीतून आलेली असेल, आडनावातून नव्हे.

खेड्यातील शिक्षकाला जे जमणारे नाही, ते २०२२ साली राज्य पातळीवर करून पाहण्यात आले. स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तपशीलवार आकडेवारी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात बजावले होते. त्यासाठी मार्च २०२२ मध्ये माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग नेमला गेला. मतदारयाद्यांतील आडनावांवरून जात ठरविली जात असल्याचे कळताच त्या वर्षीच्या जूनमध्ये गदारोळ उठला आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे नेते या एका आक्षेपावर एकत्र आले. आयोगाने जुलैत अहवाल दिला, इतर मागासवर्गीयांची लोकसंख्या ३७ टक्के धरली आणि २० जुलै रोजी न्यायालयाने त्या आधारे निवडणुका घेण्यास मुभा दिली. आरक्षण वाचले, म्हणून वाद मिटला. मात्र आडनाव हा जातीचा पुरावा होऊ शकतो काय, हा मूळ प्रश्न तसाच बाजूला राहिला, आणि आता तो पुन्हा पुढे येऊन ठाकणार आहे.

मराठी भाषेने या बाबतीत फसवणूक केलेली नाही. 'आडनाव' या शब्दातच सावधगिरीची सूचना आहे. आडवाट म्हणजे हमरस्ता नव्हे, आडगाव म्हणजे मुख्य गाव नव्हे. त्याच न्यायाने आडनाव हे नावाच्या बाजूला उभे असलेले दुय्यम नाव. ते बदलत असे, एकाच घराला दोन-दोन असत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. तुकोबांच्या घराण्याचा उल्लेख मोरे म्हणूनही होतो आणि अंबिले म्हणूनही. जोतिरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यास येऊन फुलांचा व्यवसाय केल्यावर ते फुले झाले. सकपाळ कुळातील, आंबडवे गावावरून आंबडवेकर म्हणविल्या गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे आंबेडकर हे आडनाव लागले ते त्याच आडनावाच्या एका ब्राह्मण शिक्षकाच्या आपुलकीतून, असे चरित्रकार लिहितात. म्हणजे ज्या आडनावाकडे आज सारा देश एका विशिष्ट इतिहासाची खूण म्हणून पाहतो, ते शाळेच्या दप्तरात दोन अगदी वेगळ्या सामाजिक स्तरांतील माणसांच्या नावांपुढे एकाच वेळी लिहिलेले होते.

वतनावरून आलेल्या आडनावांची कथा तर याहून स्पष्ट आहे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे चित्पावन ब्राह्मण. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिधये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. आणि वऱ्हाडातील शेतकऱ्यांना शाळा-महाविद्यालयांची दारे उघडून देणारे पंजाबराव देशमुख हे कुणबी. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. तीन देशमुख, तीन जाती, आणि त्यांपैकी दोघांच्या घराण्यांचे खरे आडनाव वेगळेच. देशमुखी हे परगण्याच्या वसुलीचे पद होते. पद ज्याच्याकडे गेले, त्याच्या घराला ते नाव चिकटले. बंजारा तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत. त्यावरूनच महाराष्ट्राचे १९६३ ते १९७५ या काळातील मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या घराण्याला ते आडनाव मिळाले. गोमंतकातील सारस्वत नाईकांशी किंवा रामोशी नाईकांशी त्याचा संबंध एवढाच, की शब्द एक आहे.

पाटलांचे तर पदच गेले. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद रद्द झाले आणि १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हा वंशपरंपरेने नव्हे, तर नेमणुकीने येऊ लागला. आता गावचा पोलीस पाटील तायडे किंवा राठोड असू शकतो, ती स्त्रीही असू शकते. आणि ज्याच्या आडनावात पाटीलकी आहे, तो मलकापुरात एखाद्या दुकानी हिशेब लिहीत असतो. पद, अधिकार आणि मान ही तिन्ही गेली तरी आडनाव टिकले. आडनाव हा असा साक्षीदार आहे, की तो घडलेली गोष्ट सांगतो, पण ती केव्हा घडली आणि पुढे तिचे काय झाले हे त्याला ठाऊक नसते.

हे केवळ आपल्याच समाजाचे वैशिष्ट्य मानण्याचे कारण नाही. जर्मनीत सर्वांत अधिक आढळणारे आडनाव म्युलर, म्हणजे पिठाच्या गिरणीचा धनी, आणि त्याखालोखाल श्मिट, म्हणजे लोहार. शुल्त्स हे आडनाव तर आपल्या पाटलाचे जुळे भावंड शोभावे. जमीनदाराच्या वतीने गावाची देणी गोळा करणारा जो गावप्रमुख, त्याच्या पदनामावरून ते आले. मायर हा मूळचा मोठ्या शेतीवाडीचा कारभारी. त्याच्या आडनावाची चार-पाच निरनिराळी लेखने प्रचलित आहेत. १८७६ च्या आरंभापासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद सरकारी निबंधकाकडे होऊ लागली आणि ज्या घराचे जे लेखन त्या दिवशी वहीत उतरले, ते कायम झाले. आज कोणी म्युलर भेटला म्हणून त्याच्या घरी गिरणी असेल अशी समजूत तेथे कोणी करून घेत नाही. परंतु त्याच देशात १९३८ साली एक हुकूम निघाला: ठरावीक यादीबाहेरचे नाव असलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाने आपल्या नावाला 'इस्राएल' आणि स्त्रीने 'सारा' ही जोड लावावी. १ जानेवारी १९३९ पासून तो अंमलात आला. कुटुंबनामे परस्परांत इतकी मिसळून गेली होती, की माणसे वेगळी काढण्यासाठी सरकारला नवी नावे लादावी लागली. महाराष्ट्रातील आयोगाचा हेतू वंचितांना वाटा देण्याचा होता आणि त्या हुकुमाचा हेतू माणसे हाकलण्याचा. दोहोंची तुलना करणे अन्यायाचे होईल. त्या प्रसंगावरून एवढेच दिसते, की अत्यंत काटेकोर नोंदणी असलेल्या देशातही आडनाव समाज ओळखण्यास अपुरे पडले.

गावांवरून पडलेल्या आडनावांकडे पाहिले तरी हेच दिसते. कोकणात व देशावर 'कर' हा प्रत्यय जितका रुळला, तितका तो वऱ्हाडात रुळला नाही. येथे मलकापूरवरून मलकापुरे होते. वानखेडे हे वानखेड या गावनावावरून आले असावे. त्या नावाचे गाव याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात आहे. प्रत्यय कोणताही असो, त्यामागील रीत एकच: गावात राहून कोणी गावाच्या नावाने ओळखला जात नाही. मोताळ्यात सारेच मोताळ्याचे. गाव सोडून परगावी गेल्यावरच लोक गावाचे नाव माणसाला लावतात. आणि गाव सोडणारे काही एकाच जातीचे नसतात. कुणबी निघाला, माळी निघाला, महारवाड्यातील तरुण निघाला, तिघांनाही नव्या गावाने तेच नाव दिले. वानखेडे हे आडनाव म्हणूनच बौद्धांत आहे, कुणब्यांत आहे आणि माळ्यांतही आहे. इंगळ म्हणजे निखारा हा अर्थ वऱ्हाडात कोणीही सांगेल. इंगळे हे आडनाव त्यावरूनच आले असे छातीठोकपणे सांगणे मात्र कठीण. शिंद्यांचे सरदार अंबाजी इंगळे इतिहासात आहेत आणि इंगळे आडनावाची बौद्ध घरे बुलढाणा जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांचे आडनाव बंजाऱ्यांच्या तांड्यावरही ऐकू येते. पवार हे आडनाव मराठ्यांत आहे, बंजाऱ्यांत आहे, फासेपारध्यांत आहे, पूर्वास्पृश्य समाजातही आहे. शासनाच्या किती निरनिराळ्या याद्यांत हे एकच आडनाव विखुरलेले आहे याचा हिशेब ज्याने केला, तो मतदारयादी हाती घेऊन जाती मोजावयास बसणार नाही.

या साऱ्याचा भार पडतो तो विद्यार्थ्यावर. जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांचा २००० चा कायदा अंमलात आल्यापासून प्रत्येक प्रवर्गाला एक मानीव दिनांक लागू आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिनांकापूर्वीचा पुरावा शोधीत बारावीचा मुलगा तहसील कचेरीत जातो आणि कोतवाल बुकाची नक्कल मागतो. त्या जुन्या वहीत पुष्कळदा अमुक वल्द तमुक एवढेच लिहिलेले असते आणि पुढे जात. आडनावाचा पत्ता नसतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात वानखडे, बापाच्या दाखल्यावर वानखेडे, आणि आधार कार्डावरील इंग्रजी लेखन या दोहोंहून निराळे. एका मात्रेच्या फरकापायी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात, वंशावळ काढावी लागते, प्रवेशाची मुदत टळते. गंमत अशी, की ज्या शासनयंत्रणेला घरातल्या घरात आडनावाचा भरवसा वाटत नाही, तिलाच साऱ्या राज्याची मोजणी करताना तोच भरवसा पुरेसा वाटावा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हाही जुन्या दप्तरात स्वच्छ लिहिलेली जातच कामास आली.

आडनावावरून जात ताडणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष केले आहे. मतदारयादीत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत. विवाहानंतर आडनाव बदलावे अशी कायद्याची सक्ती नसली तरी बहुसंख्य स्त्रिया ते बदलतात. जात मात्र जन्माने ठरते. आंतरजातीय विवाहाने स्त्रीला पतीच्या प्रवर्गाचा लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वलसम्मा पॉल खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे जेथे विवाहाने जातीची वेस ओलांडली आहे, नेमके तेथे यादीतील आडनाव खोटी साक्ष देते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या अपत्याच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजात प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहावे असा राज्याचा निर्णय आहे. तो उशिरा का होईना, योग्यच झाला. तथापि आईचे माहेरचे आडनाव त्यात कोठेही येत नाही.

जात विचारणे अप्रशस्त वाटते, विचारले तरी लोक सरळ उत्तर देत नाहीत, तेव्हा आडनावावरून अंदाज घेणे हाच सुसंस्कृत मार्ग, असे म्हणणारे सुशिक्षित पुष्कळ भेटतात. शहरी भाडेकरूला घरमालक आधी आडनाव विचारतो, तोही स्वतःस सुसंस्कृतच समजतो. उघड विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस निदान आपल्या उत्तराचा धनी असतो. मनातल्या मनात बांधलेल्या अंदाजाला त्याला हरकतही घेता येत नाही. २०२२ साली ज्यांची गणना चुकीच्या रकान्यात झाली असेल, त्यांना तसे कळण्याचीसुद्धा सोय नव्हती.

१९३१ नंतर देशाच्या जनगणनेतून सर्व जातींची आकडेवारी प्रसिद्ध झालेली नाही. आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरविला. हे काम करावे लागते ते प्रामुख्याने शिक्षकांना आणि कारकुनांना. धामणगाव बढे किंवा पिंपळगाव देवी येथील ओळखीच्या घरासमोर उभे राहून जातीचा रकाना न विचारताच भरण्याचा मोह त्यांना होणार, कारण वेळ थोडा, घरे पुष्कळ, आणि 'आपल्याला ठाऊकच आहे' ही भावना प्रबळ. प्रशिक्षणवर्गात तास-दीड तास तक्ते समजावून देण्यात जातो. त्यातील दहा मिनिटे तरी या एका गोष्टीसाठी राखून ठेवावीत. शेजाऱ्याने सांगितलेली जात लिहू नये, पाटीवरचे आडनाव पाहून लिहू नये. घरातील व्यक्तीला विचारावे, ती सांगेल त्याच शब्दांत लिहावे आणि लिहिलेले तिला वाचून दाखवावे. घरात सून असेल, तर तिची जात तिलाच विचारावी.