सही कोणाची?

मागच्या महिन्यात येरवड्याच्या वस्तीतील एक भगिनी आमच्याकडे आली. दोन लेकरे, चार घरची धुणीभांडी, नवरा रोजंदारीवर. तांबी बसवलेली असूनही तिला दिवस गेले. दवाखान्यात गेली तर खिडकीवरच्या माणसाने सांगितले, "नवऱ्याची सही आणा." नवरा म्हणाला, "पोर माझं आहे, सही देणार नाही." ती आम्हाला विचारू लागली, "दादा, पोट माझं, मग सही त्यांची कशी?"

आम्ही स्वतः कारकून आहोत. कागदावर एक सही जादा असली की साहेब निर्धास्त होतात, हे आम्ही रोज पाहतो. पण या सहीला कायद्यात जागाच नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत लागते. काही ठराविक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे लागते. साधन फसले, हे कारणही २० आठवड्यांपर्यंत मान्य आहे. संमती मात्र फक्त त्या स्त्रीची. ती १८ वर्षांखालील किंवा मानसिक रुग्ण असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी बजावले आहे.

"मग पुरुषाला हक्क नाही का? पोसायचे तर आम्हीच!" असे बांधव विचारतात. हाच प्रश्न घेऊन एक पती कोर्टात गेला होता. आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून त्याने पत्नीकडून आणि डॉक्टरांकडून नुकसानभरपाई मागितली. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ साली त्याचे म्हणणे फेटाळले. संसाराला होकार दिला म्हणजे मूल जन्माला घालण्याला होकार दिला असे होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दाद दिली नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१६ साली तुरुंगातील स्त्रियांच्या प्रकरणात सांगितले की, विवाहित असो वा अविवाहित, गर्भ ठेवायचा की नाही ही निवड त्या स्त्रीची आहे.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यावरचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. बाळंतपणाच्या वेदना पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कोणी तयार झाला नसता, असा त्याचा आशय होता. ठराव नामंजूर झाला, पण मुद्दा आजही जिवंत आहे.

पुरुषाने बोलावे, आपले मन सांगावे, घरखर्चाचा हिशेब मांडावा. पत्नीने ऐकावे. पण शेवटचा शब्द तिचा. कारण जिवाची जोखीम तिची. आणि पुरुषाचा खरा अधिकार दिवस जाण्याच्या आधीचा आहे. तो आपण वापरतो का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदी सुमारे ३८ टक्के आणि पुरुष-नसबंदी अवघी ०.३ टक्के निघाली. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असूनही!

दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. "पाडून टाक" असा हुकूमही नवऱ्याला किंवा सासूला चालवता येत नाही. स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ प्रमाणे गंभीर गुन्हा आहे. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे तर आपल्या धम्मालाही काळिमा आणि कायद्यालाही.

त्या भगिनीसोबत आमची पत्नी दवाखान्यात गेली. कायदा दाखवताच जादा सहीचा आग्रह संपला. नवऱ्याला आम्ही विहाराच्या ओट्यावर बसवून दोन तास समजावले. पुढे त्या भगिनीने काय ठरवले ते आम्ही लिहिणार नाही. तो निर्णय तिचा होता आणि तो गुप्त राखणे हाही कायदाच आहे.